आडवा वारा आणि दुचाकी

धावत्या वाहनाला काटकोनात किंवा तिरपा येऊन बाजूला ढकलणारा वारा म्हणजे आडवा वारा. मोटार चार चाकांवर उभी असते. जोराच्या वाऱ्याने ती सरकली, तरी तिचा तोल चालकाला सांभाळावा लागत नाही. दुचाकीस्वाराला मात्र गाडीचे सरकणे आणि कलणे या दोन्ही गोष्टी एकाच हँडलने आवराव्या लागतात. वारा जोराचा पण एकसारखा असेल, तर स्वार थोड्याच अंतरात त्याला सरावतो. घात होतो तो वारा अचानक वाढला, अचानक तुटला किंवा दुसरीकडून आला की. हा बदल कुठे होणार हे आधी ओळखता येणे हेच वाऱ्यात गाडी चालविण्याचे मुख्य कसब आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किमी वेगाचा वारा एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण साडेसात किलो वजनाइतका जोर लावतो. वेग ८० झाला की हाच जोर तीस किलोंवर जातो. स्वारासह मोटारसायकलची एक बाजू ढोबळमानाने एवढ्याच क्षेत्रफळाची असते. शिवाय गाडी स्वतः धावत असल्याने तिला लागणारा वारा दोन्ही वेग मिळून बनतो. ताशी ८० किमीने जाणाऱ्या गाडीवर अगदी काटकोनातून ६० किमीचा वारा आला, तर तिला पुढून तिरपा असा ताशी १०० किमीचा वारा लागतो. तीच गाडी ४५ वर आणली, की हा आकडा ७५ होतो आणि वाऱ्याचा एकूण दाब निम्म्याच्या जवळ येतो. बाजूने ढकलणारा जोर तितका कमी होत नाही, कारण वारा आता अधिक आडवा लागतो. पण तोही चांगलाच उतरतो.

‘वारा असला की गाडी जोरात काढावी, ती स्थिर राहते’ असे अनेक स्वार सांगतात. यात अर्धे तथ्य आहे. दुचाकी वेगाबरोबर स्वतःला सावरू लागते आणि ताशी पंधरा-वीस किमीच्या खाली ती डगमगते, म्हणून भिऊन पायी चालण्याच्या वेगाने जाणेही बरे नाही. पण ८० च्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात ११ मीटर पुढे जाते. झोत आल्याचे ध्यानात येऊन हात हलेपर्यंत एवढा वेळ सहज जातो आणि तोवर गाडी आपली लेन सोडू शकते. मोकळ्या रस्त्यावर ४० ते ५० किमीचा वेग आणि नेहमीपेक्षा एक गिअर खाली, म्हणजे इंजिन ओढीत राहील, ही रीत बहुतेक गाड्यांना मानवते.

वारा डावीकडून येत असेल, तर गाडी डावीकडे किंचित कलती ठेवूनच सरळ चालते. जोराच्या वाऱ्यातही हा कल फार नसतो, पाच-सात अंशांचा. तो आणायचा कसा, हे पुष्कळांना शिकविले गेलेले नसते. डावी मूठ हलकेच पुढे दाबली, की पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते आणि गाडी डावीकडे कलते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मूठ दाबायची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना याची गरज पडत नाही, कारण तेव्हा वेग फार थोडा असतो. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण झालेल्या स्वारालाही पहिल्या मोठ्या झोताशी अनोळखी सामना करावा लागतो. रिकाम्या रस्त्यावर, शांत हवेत ही दाब देण्याची सवय मुद्दाम करून घ्यावी.

दुसरी गोष्ट हातांची. झोत आला की मूठ आवळली जाते, खांदे ताठ होतात, आणि नुकसान तिथेच होते. वारा गाडीइतकाच स्वाराच्या छातीला व हेल्मेटलाही ढकलत असतो. हात ताठ असले तर तो धक्का थेट हँडलमध्ये उतरतो आणि स्वार नकळत स्वतःच गाडी वळवतो. कोपरे वाकलेली, मूठ सैल, टाकी गुडघ्यांनी धरलेली आणि अंग पुढे झुकलेले असावे. वाऱ्याच्या बाजूचा गुडघा बाहेर काढण्याचा उपाय काहीजण सांगतात. त्याचा उपयोग झालाच तर थोडा होतो आणि टाकीवरची पकड मात्र जाते. झोतात ब्रेक दाबू नये. वेग कमी करायचा तो झोताच्या आधी किंवा नंतर.

महाराष्ट्रात या वाऱ्याची खरी ओळख सह्याद्रीच्या माथ्यावर होते. साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करीत चाळकेवाडीच्या पठारावर गेले, की रस्ता पवनचक्क्यांमधून जातो. कोयना जलाशयाच्या वरच्या अंगाला, सुमारे ११५० मीटर उंचीवर वनकुसवड्याचे पवनऊर्जा केंद्र याच डोंगररांगेत आहे. पवनचक्क्या जिथे उभारल्या तिथे वारा आहे हे सांगायला नकोच. पण स्वाराला त्या आणखी एक गोष्ट दाखवतात. पाती वाऱ्याकडे तोंड करून फिरतात, म्हणजे पुढच्या वळणानंतर वारा कोणत्या खांद्यावर येणार हे दुरूनच कळते. पाटण तालुक्यातील सडावाघापूरला पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वारा उलटे वर फेकतो. तो उलटा धबधबा पाहायला जाणाऱ्या दुचाकीस्वारांनी तेच वारे पठारावरच्या रस्त्यावर आपल्यालाही लागणार आहेत, हे गृहीत धरावे. घाटात डोंगराच्या आडोशाने चाललेली गाडी खिंडीच्या तोंडाशी आली, की वारा एकदम अंगावर येतो. खिंडीआधी वेग उतरवून, वारा ज्या बाजूला ढकलणार त्या बाजूला थोडी अधिक जागा राखून ठेवणे हाच त्यावर इलाज.

दक्षिणेत अशी सर्वांत प्रसिद्ध जागा कन्याकुमारी जिल्ह्यातील आरलवायमोळीची खिंड. तिरुनेलवेलीहून नागरकोविलकडे जाणारा रस्ता या खिंडीतून, मुप्पंदलच्या पवनचक्क्यांच्या रानातून जातो. नैऋत्य मोसमी वारे इथे डोंगरांच्या फटीत सापडून वेग घेतात, आणि महाराष्ट्रातून मोटारसायकलवर या रस्त्याने कन्याकुमारी गाठणाऱ्यांना प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात ही खिंड ओलांडावी लागते. रामेश्वरमकडे वळणाऱ्यांच्या वाटेत पांबनची खाडी येते. तिथल्या १९१४ च्या जुन्या रेल्वेपुलावर वारा ताशी ५८ किमीच्या वर गेला की गाड्या थांबविल्या जात. शेजारच्या १९८८ च्या रस्त्याच्या पुलावर निर्णय स्वाराने स्वतः घ्यायचा असतो. स्कॉटलंडमध्ये २०१७ साली खुल्या झालेल्या क्वीन्सफेरी क्रॉसिंग पुलाच्या दोन्ही कडांना वारा अडविणारे कठडे बसविलेले आहेत. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू यांवर दुचाकींना मुळातच प्रवेश नाही.

मोठ्या वाहनांमुळे तयार होणारा धोका मात्र कोणत्याही महामार्गावर भेटतो. पावसाळ्यात कोल्हापूरहून पुण्याकडे येताना पश्चिमेचा वारा डाव्या अंगाने येतो आणि गाडी डावीकडे कलती असते. उजवीकडून ट्रक ओलांडायला घेतला, की ट्रकच्या आडोशाने वारा तुटतो. कललेली गाडी ट्रकच्या चाकांकडे ओढली जाते. स्वार घाईने सावरतो, आणि ट्रकचे तोंड मागे पडते त्याच क्षणी वारा पुन्हा आदळून गाडीला दुभाजकाकडे फेकतो. ट्रक आणि आपल्यात नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवून, वारा तुटणार आणि परत येणार हे मनात धरूनच ओलांडावे. जागा नसेल तर मागेच राहावे. अरुंद दुहेरी रस्त्यावर समोरून भरधाव एसटी गेली तरी असाच दुहेरी धक्का बसतो. वारा उजवीकडून असेल, तर डांबराच्या अगदी कडेने चालू नये. खचलेल्या साइडपट्टीवर उतरलेले चाक वाऱ्यात वर घेणे कठीण असते.

गाडीचे वजन, आकार आणि तिच्यावरचा बोजा यांनी बराच फरक पडतो. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या हलक्या; स्कूटरची चाके लहान, म्हणून ती लवकर चाळवते. हँडलवर बसवलेली उंच काच वाऱ्याचा धक्का सरळ मुठींत आणते. गावाकडे मोटारसायकलवर वैरणीचा भारा, गादी, पत्रा, प्लायवूड नेले जाते. असा रुंद आणि उंच माल वाऱ्यात शिडासारखे काम करतो, आणि अशा दिवशी तो दुचाकीवर नेऊच नये. सामान खाली, दोन्ही बाजूंना सारखे आणि घट्ट बांधावे. मागच्या कॅरिअरवरची रिकामी मोठी पेटी काढून ठेवावी, कारण ती वजन फारसे देत नाही, वारा मात्र पुरेपूर घेते. अंगरख्यासारखा सैल रेनकोट, ओढणी, पदर फडफडता ठेवू नये. मागे बसणाऱ्याने चालकाला चिकटून बसावे आणि गाडी कलली तर तिच्याबरोबर कलावे.

वाऱ्याचा जोर ओळखायला उपकरण लागत नाही. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये मांडलेल्या मापश्रेणीत पुढे जमिनीवरच्या खुणाही जोडल्या गेल्या. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री धरवेना, म्हणजे वारा ३९ ते ४९ किमीचा. आख्खी झाडे डोलू लागली की ५० ते ६१. डहाळ्या तुटू लागल्या की तो ६२ च्या पुढे गेला. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळ म्हणतो ते याच वेगापासून पुढे. पहिल्या खुणेला वेग उतरवावा आणि दुसऱ्या खुणेला हलक्या गाडीवरच्या स्वाराने आडोसा शोधावा. तिसऱ्या खुणेनंतर दुचाकी रस्त्यावर असूच नये.

वळवाच्या दिवसांत एवढा अवधी मिळतोच असे नाही. पावसाआधी थंड हवेचा लोट जमिनीवरून धूळ उडवीत येतो आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा पालटते. क्षितिजावर धुळीची भिंत दिसली की ती पोहोचण्याआधीच थांबावे, पण झाडाखाली किंवा जाहिरातफलकाखाली नव्हे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात महाकाय फलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला. पक्क्या इमारतीची वाऱ्याच्या उलट बाजू हा खरा आडोसा.

थांबल्यावर गाडी कशी उभी केली यालाही महत्त्व आहे. साइडस्टँड डावीकडे असतो आणि गाडी त्यावर डावीकडे रेललेली असते. वारा डावीकडून आला तर तो तिला उचलून उजवीकडे आडवी करतो. म्हणून वारा उजव्या अंगाने येऊन गाडीला स्टँडवरच दाबेल अशी ती उभी करावी, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हँडल डावीकडे वळवून कुलूप लावावे आणि जमीन भिजलेली असेल तर स्टँडखाली चपटा दगड सरकवावा.