बालवाडीतील कलाकाम

बालवाडीतील कलाकाम : तीन ते सहा वर्षांची मुले वर्गात करतात ते चित्र, मातकाम, ठसेकाम, घडीकाम, चिकटकाम इत्यादी. बोटांची पकड, डोळा व हात यांचा मेळ आणि मनातले रूप बाहेर मांडण्याची सवय ही त्याची उद्दिष्टे होत. सुबक वस्तू तयार होणे हे उद्दिष्ट नव्हे.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल याने 1837 मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, माती, भिजवलेले वाटाणे व काड्या यांची रचना असे हातकाम त्याने शिक्षणक्रमातच बसवले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला घेतलेल्या अनुभवानंतर 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग सुरू केला. त्यात अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने अशी परिसरात मिळणारी सामग्री त्यांनी वापरात आणली. हाच प्रयोग पुढे कोसबाडला वाढला. आजच्या अंगणवाडीलाही ही वाट सर्वांत उपयोगाची आहे.

ठसेकामाने सुरुवात करणे सोपे जाते. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून दाबला की पाच पाकळ्यांचे फूल उमटते, केळीच्या पानाच्या देठाचा ठसा जाळीदार येतो. हळद, गेरू, बीट यांचे रंग पुरतात. चिकटकामासाठी मैद्याची खळ घरी शिजवावी. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत कदापि घालू नये. बिया व मणी मुले नाकाकानात घालतात, म्हणून चिकटकामाच्या वेळी मोठ्या माणसाचे लक्ष हवेच. कात्री बोथट टोकाची असावी. मातकामाला चाळलेली, चांगली मळलेली माती लागते. कागदाला घाबरणारे मूलही मातीत चटकन रमते, कारण तिथे बिघडलेले लगेच मोडून पुन्हा करता येते.

चित्राचा क्रम बहुतेक मुलांत सारखा दिसतो. आधी गिरगोट्या, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास बंद वर्तुळ, मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी खाली जमिनीची रेघ. डोक्यातून निघालेले पाय ही चूक नाही, ती वाढीची एक पायरी आहे. ती शिक्षकाने दुरुस्त करू नये.

अनेक बालवाड्यांत छापील चित्रे रंगवायला देतात किंवा सर्वांकडून एकाच नमुन्याची राखी करून घेतात आणि पालकांना दाखवण्यासाठी शिक्षिकाच ती सजवतात. यात मुलाच्या वाट्याला रेघेच्या आत राहणे एवढेच येते, त्यामुळे याला कलाकाम म्हणता येत नाही. चित्र झाल्यावर ‘हे काय आहे?’ असे दरडावून विचारण्यापेक्षा ‘याच्याबद्दल सांग’ म्हणावे आणि मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत कागदामागे तारखेसह लिहून ठेवावे. वर्षाअखेरी पालकांना दाखवायला याहून चांगले प्रगतिपुस्तक नाही.