उल्हास आणि पाताळगंगेतील मासे

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास कर्जतवरून कल्याणकडे जाते, तर पाताळगंगा खोपोली-खालापूरवरून धरमतरच्या खाडीला मिळते. पावसाळ्यात दुथडी भरायचे आणि उन्हाळ्यात डोहांपुरते उरायचे, हा या नद्यांचा मूळ स्वभाव. जुनी मासेमारी त्याच्याशीच जुळलेली होती. मृगाच्या सरी आल्या की खवली, शिंगटी, मरळ असे मासे अंडी घालायला ओढ्यांतून भातखाचरांपर्यंत चढत. हे चढणीचे, म्हणजेच वलगणीचे मासे कातकरी आणि ठाकर कुटुंबे बांबूच्या सापळ्याने, पागाने किंवा नुसत्या हाताने धरत. भूमिहीन कातकऱ्यांना हा मोठाच आधार होता.

पहिला बदल पाण्यात झाला. 1915 मध्ये खोपोलीचे आणि 1922 मध्ये भिवपुरीचे टाटांचे वीजकेंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरचे, एरवी पूर्वेकडे वाहणारे पाणी कोकणात उतरू लागले आणि नद्यांना उन्हाळ्यातही प्रवाह मिळाला. पुढे चौकजवळ धावरी नदीवर मोरबे धरण झाले, पाताळगंगेकाठी रसायनीचे कारखाने उभे राहिले.

दुसरा बदल माशांत झाला. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शनने त्यांचे प्रजनन घडवले आणि त्यांचे बीज तलावातलावांत सोडणे सोपे झाले. परदेशी माशांपैकी सायप्रिनस भारतात 1939 मध्ये, तिलापिया 1952 मध्ये, तर चंदेऱ्या आणि गवत्या 1959 मध्ये आले. भरपूर आणि स्वस्त मासळी मिळावी, हा यामागचा हेतू रास्तच होता.

धोका आहे तो हे मासे वाहत्या नदीत शिरण्याचा. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. सायप्रिनस मात्र पाणवनस्पतींवर अंडी चिकटवून तिथेच वाढतो. अन्नासाठी तो तळ उकरतो, त्यामुळे पाणी गढूळ होते आणि वनस्पती उपटल्या जातात. तिलापियाची मादी पिल्ले तोंडात सांभाळते, म्हणून ती मोठ्या संख्येने जगतात. धरणांनी चढणीची वाट अडवलेली आणि सांडपाण्याने डोह नासलेले असताना लहान स्थानिक माशांना हा भार पेलणे अवघड जाते.

मासा देशी असला तरी दुसऱ्या खोऱ्यात तो परकाच. खोपोलीच्या वर, लोणावळ्यात, 1970 च्या दशकापासून दख्खनी महसीरचे बीज तयार होऊ लागले. महसीर वाचवण्याचे ते मोलाचे काम होते. पण हा मासा कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटला. 2018 मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

म्हणून मत्स्यशेतीचे मासे बंदिस्त तळ्यांत राखणे, नदीत बीज सोडण्याआधी त्या खोऱ्यातले मूळ मासे तपासणे आणि चढणीच्या काळात ओढे मोकळे ठेवणे आवश्यक ठरते. जलाशयातल्या मासेमारीचे ठेके दिले जातात, तिथे हक्क ठेकेदार संस्थेचा असतो. ओढ्यातला मासा मात्र ज्याच्याकडे जमीन नाही आणि जाळेही नाही, अशा माणसालाही मिळतो. स्थानिक मासे टिकवण्यात निसर्गाइतकेच या माणसांचेही हित आहे.