माळ्यावरचं ओझं



चातुर्मास जवळ आला की घरोघरी आवराआवर सुरू होते आणि नजर हमखास माळ्याकडे जाते. माळा कसा लावायचा ते आज सांगणारच आहे, पण आधी त्याचा थोडा इतिहास.

जुन्या घरांत साठवणीला शिस्त होती. जड ते खाली, हलकं ते वर. ज्वारी जमिनीतल्या पेवात, रोजचं धान्य कणगीत, आणि माळ्यावर कांदे, लसूण, बियाणं. चुलीचा धूर वर जायचा, त्यामुळे बियाण्याला कीड कमी लागायची. माळ्याला शिडी कायम लावलेली असे, कारण दर दोन दिवसांनी कोणीतरी वर चढायचंच.

फ्लॅट आले आणि माळ्याचा लॉफ्ट झाला. बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या वर आरसीसीची एक फळी. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत लॉफ्टची व्याख्याच अशी आहे की उंची जास्तीत जास्त दीड मीटर आणि वर जायला कायमची वाट नाही. शिडी गेली तसं रोजचं जाणं-येणंही थांबलं. वर गेलेली वस्तू नजरेआड होते आणि तिच्यावर दुसरी चढते.

असे थर चढत गेले की काय होतं, याची एक मोठी आठवण आपल्या वाघोलीत आहे.

मराठवाड्यात घराच्या छताला माळवद म्हणतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं, वर पापड-कुरडया वाळतात. पण पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकत. जुनी काढायची पद्धत नव्हती. वर्षानुवर्षं छत जाड होत गेलं. भिंती दगडाच्या, पण जोडलेल्या मातीनेच. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजायच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. त्या भिंती आणि ती माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे 8 हजार माणसं गेली. भारतीय जैन संघटनेने त्या भागातली 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली आणि त्यांच्या शिक्षणाचं केंद्र वाघोलीत उभं राहिलं. ती शाळा आज आपल्यातल्या कितीतरी जणींच्या रोजच्या रस्त्यावर आहे.

आपला लॉफ्ट म्हणजे माळवद नव्हे, हे मला कळतं. पण दरवर्षी एक थर वर आणि जुना कोणी काढायचा नाही, ही सवय मात्र तीच. परिग्रहाचं परिमाण करताना आपण सोनं मोजतो, साड्या मोजतो. माळ्यावरचं कोणी मोजत नाही, कारण ते दिसत नाही.

म्हणून आमच्या घरी माळा असा लावला आहे:

सगळं एकदा खाली उतरवलं. पितळी पिंप, जातं, जुनी मासिकं असं जड सामान खालच्या कपाटात आलं. वर फक्त हलकं: गाद्या, रजया, आकाशकंदील, प्रवासाच्या बॅगा. त्यातही जरा वजनाचं भिंतीलगत, अगदी हलकं काठाला.

उघडी खोकी नाहीत. झाकणाचे डबे, कोरडे पुसून, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. जीव झाल्यावर मारण्यापेक्षा होऊच न देणं ही जयणा. डब्यावर चिठ्ठी: आत काय, आणि कोणत्या वर्षी उघडला.

घडीची शिडी दाराआड हाताशी ठेवली.

साधू-साध्वी आपल्या वस्त्र-पात्रांचं पडिलेहण रोज दोन वेळा करतात. आपण माळ्याचं वर्षातून एकदा तरी करूया, पावसाळ्याच्या तोंडावर. माळवदावर माती चढवायचा मोसमही हाच. आपण मात्र या मोसमात एक थर उतरवायचा. दोन वर्षं न उघडलेला डबा ज्याला गरज आहे त्याच्या घरी जाऊ द्या. आणि लॉफ्टच्या खाली कोणाचा पलंग आहे, तेवढं आज रात्री बघून घ्या.