पानाच्या दारावरची पाटी

संस्थेच्या वेबसाइटवर देणगी भरली की ‘आभारी आहोत’ असं पान उघडतं. किती देणग्या आल्या हे मोजणारा ट्रॅकिंग कोड बहुधा याच पानावर बसवलेला असतो. हे पान गुगलच्या निकालांत आलं, तर देणगी न देताच लोक थेट तिथे पोचतात आणि मोजणी खोटी ठरते. म्हणून वेबसाइट बिल्डरमध्ये त्या पानाच्या एसइओ सेटिंग्जमध्ये जाऊन ‘शोधनिकालांत दाखवू नका’ हे बटण चालू करायचं. लगेच पानाच्या कोडमध्ये, अगदी वरच्या भागात, ‘नोइंडेक्स’ हा शब्द येऊन बसतो. वाचकाला तो दिसत नाही. वेबवरची पानं वाचत फिरणाऱ्या शोधयंत्रांच्या प्रोग्रॅमना, म्हणजे रोबोट्सना, दिसतो.

या शब्दाचं कूळ १९९४ पर्यंत जातं. तेव्हाचे रोबोट सर्व्हरवर विनंत्यांचा भडिमार करत, त्याच फाइली पुन्हापुन्हा नेत. मतदानासारख्या प्रोग्रॅमनाही हात लावत. इंग्लंडमध्ये नेक्सर कंपनीत काम करणाऱ्या मार्टाइन कोस्टर यांनी त्यावर तोडगा मांडला आणि ३० जून १९९४ रोजी त्यावर सहमती झाली. सर्व्हरच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची साधी फाइल ठेवायची आणि कुठे येऊ नये ते तिच्यात लिहायचं. ही झाली वाड्याच्या दिंडीदरवाजावरची पाटी.

पण वाड्यात बिऱ्हाडं अनेक. विद्यापीठाच्या सर्व्हरवर विद्यार्थ्याचं एखादंच पान असे. मुळाशी असलेल्या त्या फाइलला हात लावायची मुभा त्याला नसे. मे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज इथे वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या कार्यशाळेत रोबोट्सवर चर्चा झाली, आणि तिथून पानातच लिहायचा ‘मेटा रोबोट्स’ टॅग पुढे आला. ‘नोइंडेक्स’ हा शब्द याच टॅगमध्ये लिहितात. आता प्रत्येक बिऱ्हाडाला आपल्या दारावर पाटी लावता आली. १९९७ च्या अखेरीस वेबपानांच्या भाषेच्या, म्हणजे एचटीएमएल ४.० च्या, परिशिष्टातही त्याची नोंद झाली.

दोन्ही पाट्या एकदम लावल्या, तर मात्र घोटाळा होतो. दिंडीदरवाजातच अडवलेला रोबोट आतल्या दारापर्यंत पोचतच नाही. ‘नोइंडेक्स’ त्याच्या वाचनात येत नाही. मग इतरांनी दिलेल्या लिंकवरून त्या पानाचा नुसता पत्ता निकालांत झळकू शकतो. त्यामुळे ‘आभारी आहोत’ पान लपवायचं असेल, तर रोबोटला आत येऊ द्यावं आणि पाटी वाचू द्यावी.

आणि ही पाटी म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. प्रामाणिक रोबोट ती पाळतात. पत्ता ठाऊक असलेला माणूस मात्र सरळ आत येतो. देणगीदारांची नावं, फोन नंबर असलेल्या पानाला पासवर्डच हवा. पण सर्व्हर आपल्या मालकीचा नसतानाही आपल्या पानाबद्दल आपण बोलू शकतो, हा हक्क १९९६ मध्ये मिळाला. बिल्डरमधलं ते बटण दाबताना आपण तोच बजावत असतो.