चर्चच्या गाण्यात बाईचा आवाज

आपल्या बचतगटाची बैठक गाण्याने सुरू होते. एक जण ओळ उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. भजनातही तसंच. चर्चमधल्या गायकवृंदाची, म्हणजे क्वायरची, रीत जरा वेगळी असते. तिथे अनेकदा एकच गाणं चार आवाज एका वेळी चार निरनिराळ्या सुरांत म्हणतात. बायकांचा उंच आवाज तो सोप्रानो, खालचा तो आल्टो. पुरुषांचा वरचा टेनर आणि खर्जातला बास.

क्वायरमध्ये गाणाऱ्यांची कुरकुर सगळीकडे सारखीच. सराव लांबतो, एकच ओळ दहादा घोकायला लावतात, शेजारणीचा सूर हलतो. आल्टोवालीचं दुखणं तर निराळंच. गाण्याची मुख्य चाल बहुतेक वेळा सोप्रानोकडे असते आणि आल्टोला एकाच सुराभोवती घुटमळावं लागतं. घरी गुणगुणून दाखवलं तर गाणं कोणतं तेही कुणाला कळत नाही. पण ती थांबली की गाणं पोकळ वाटतं. चारही आवाज नेमके जुळले की जे ऐकू येतं ते एकट्या कुणाच्याच गळ्यातलं नसतं. त्या सुखासाठी बाया पुन्हा सरावाला येतात.

मात्र ही कुरकुर करण्याचा हक्कसुद्धा बायकांना सहज मिळालेला नाही. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

बायबलमधल्या संत पौलाच्या एका पत्रात बायकांनी मंडळीच्या सभेत गप्प राहावं, असं सांगितलं आहे. त्याचा आधार घेऊन युरोपातल्या कितीतरी मोठ्या चर्चमधून बायकांचा आवाज बाहेर ठेवला गेला. जोगिणींना त्यांच्या मठात गाता येई, तेवढीच मोकळीक. पण गाण्याला उंच आवाज तर हवाच. मग लहान मुलगे गात. मुलगा वयात आला की त्याचा आवाज फुटतो, म्हणून इटलीत काही मुलांना त्याआधीच खच्ची केलं जाई. सोळाव्या शतकापासून तीनशेहून अधिक वर्षं पोपच्या स्वतःच्या क्वायरमध्ये असे गायक होते. त्यांच्यातला शेवटचा अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली वारला. १९०२ आणि १९०४ मध्ये त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं, ते आजही ऐकता येतं. घरोघरी गाणाऱ्या बाया असताना मुलांच्या शरीरावर ही वेळ आली.

त्याच इटलीत, व्हेनिस शहरात, दुसरी एक गोष्ट घडत होती. तिथे पिएता नावाचं अनाथालय होतं. नको असलेलं तान्हं बाळ लोक भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून जात. तिथल्या हुशार मुलींना गाणं आणि वाद्यं शिकवली जात. १७०३ पासून विवाल्दी हा मोठा संगीतकार त्यांना व्हायोलिन शिकवायला होता. या मुलींना आडनाव नव्हतं, म्हणून त्यांची ओळख वाद्यावरून होई. आन्ना मारिया नावाच्या मुलीला सगळे 'व्हायोलिनवाली आन्ना मारिया' म्हणत. क्वायरमधले पुरुषांचे खालचे सूरही मुलीच गात. ऐकायला दूरदेशचे लोक येत, देणग्या देत, त्यावर अनाथालयाला हातभार लागे. पण मुली गात त्या उंच सज्जातल्या जाळीमागून. लोकांना आवाज ऐकू येई, तोंड दिसत नसे. लग्न करून बाहेर पडली की तिचं चारचौघांतलं गाणं संपलं.

कला होती, शिक्षण होतं, ऐकणारेही होते. नव्हती ती फक्त परवानगी.

पुढेही ती लवकर मिळाली नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी लेखी आदेश काढला. चर्चमध्ये गाणं हे उपासनेतलं अधिकाराचं काम आहे, ते बायकांना करता येत नाही, उंच आवाज हवा तर मुलगे घ्या, असा त्याचा अर्थ. १९५५ मध्ये बारावे पायस यांनी थोडी वाट दिली. मुलगे पुरेसे नसतील तर बायकांनी गावं, पण वेदीच्या आवाराबाहेर उभं राहून. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या मोठ्या चर्चमध्ये मुलींचा वेगळा क्वायर सुरू झाला तो १९९१ साली. म्हणजे आपल्यातल्या कितीतरी जणींच्या डोळ्यांदेखत.

आता आपल्याकडे येऊ. मराठी ख्रिस्ती मंडळींपुढे दुसरी अडचण होती, चालीची. मिशनरी लोकांनी गाणी मराठीत आणली, पण अनेकांच्या चाली विलायती. मराठी शब्द त्यात बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व व्हायचं. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. नगरच्या मंडळीत काम करताना त्यांनी अभंग आणि भजनाच्या वळणाची गाणी रचली. पेटी, तबला, टाळ उपासनेत शोभू लागले. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गाणी आहेत. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी कधी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. कॅथलिक चर्चमध्ये १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेला जागा मिळाली आणि वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली.

मैत्रिणींनो, आम्हाला यातून एक फरक कळतो. जाळीमागे लपवलेली बाई आणि क्वायरमध्ये शेजारणीसाठी आवाज खाली घेणारी बाई, दोघींचा सूर दुरून सारखाच हलका वाटेल. पण पहिलीला दुसऱ्यांनी आवरलं, दुसरी ऐकून स्वतःला आवरते. आपल्या बैठकीतही काही जणी गप्प असतात. त्या विचार करत ऐकताहेत की बोलायची सोयच नाही, हे त्यांनाच विचारायला हवं.

पुढच्या बैठकीत एवढं करा. जिने आजवर कधीच ओळ उचललेली नाही, तिला गाणं सुरू करू द्या. सूर हलला तर हलू दे. बाकीच्यांनी मागून धरायचं आहेच.