२६ नोव्हेंबर २००५ चे बलून-उड्डाण : दिशेचा एक प्रश्न

उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी वयाच्या ६७ व्या वर्षी, २६ नोव्हेंबर २००५ रोजी सकाळी, मुंबईतून उष्ण हवेच्या बलूनमधून उड्डाण करून २१,०२७ मीटर उंची गाठली. पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ मधील १९,८११ मीटरचा जागतिक उच्चांक त्यामुळे मोडला गेला. उंचीविषयी वाद नाही. दिशेविषयी मात्र आहे. अनेक इंग्रजी संदर्भनोंदींत हे बलून मुंबईच्या 'दक्षिणेस २४० किलोमीटर' अंतरावर पंचाळे येथे उतरल्याचे सांगितले जाते आणि हेच विधान पुढील लेखनात तपासणीविना उतरत गेलेले दिसते.

हे विधान खरे मानल्यास बलूनने रायगड जिल्ह्याचे, म्हणजे पेण-रोह्याच्या आसपासचे आकाश ओलांडून थेट दक्षिण कोकण गाठले, असे मानावे लागेल. वस्तुतः पंचाळे हे नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील गाव होय. ते मुंबईच्या ईशान्येस, सह्याद्रीपलीकडे आहे. नकाशा उघडून पाहिला असता तरी ही चूक टळली असती!

वाऱ्याचा विचार केला तरी निष्कर्ष हाच निघतो. बलूनला सुकाणू नसते. बर्नरच्या साहाय्याने चालक केवळ वर किंवा खाली जाऊ शकतो. दिशा त्या त्या थरातील वारा ठरवितो. पहाटे जमिनीलगतची हवा शांत असते, म्हणून उड्डाणे सकाळी होतात. कोकणपट्टीत त्या वेळी खालचे मंद वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. नोव्हेंबरात उंचावरील वारे मात्र सामान्यतः पश्चिमेकडून येतात. पूर्वेकडे सह्याद्री ओलांडून जाणे त्यांच्याशी सुसंगत ठरते, दक्षिणेकडे जाणे नव्हे.

१७८३ मध्ये २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद या दोघांनी केलेल्या पहिल्या मुक्त मानवी उड्डाणाचीही उतरण्याची जागा इतिहासाने नोंदवून ठेवली आहे. तेथे दोघे सोबती एकमेकांचे साक्षीदार होते. सिंघानिया बंदिस्त कुपीत एकटे होते. २१ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका असल्याने दाबयुक्त संरक्षणावाचून तेथे जगणे अशक्यच. सुमारे १६ लाख घनफूट आकारमानाचे ते बलून ब्रिस्टलच्या कॅमेरॉन कंपनीचे होते. यामागे मोठे तंत्रज्ञपथक उभे होते, ही बाब 'एकट्याचे धाडस' या वर्णनात झाकली जाते.

२४० किलोमीटर हा आकडाही जपूनच वापरावा लागतो. मुंबई ते सिन्नर परिसर हे सरळ रेषेतील अंतर त्याहून बरेच कमी भरते. वाऱ्याच्या निरनिराळ्या थरांतून झालेला वळणाचा प्रवास त्यात धरला असल्यास ते 'मार्गाचे अंतर' म्हणून लिहिले पाहिजे, आणि 'दक्षिणेस' हा शब्द तेथून काढून टाकला पाहिजे.