उतारवयातली यात्रा: थोडी पाण्यावरून, थोडी जमिनीवरून

आमच्या एचएसआर लेआउटला समुद्र सगळ्यात जवळ म्हणजे चेन्नईला, साडेतीनशे किलोमीटरवर. पाणी म्हणून बघायचं तर आगरा तलाव. आई रोज सकाळी त्याच्या काठाने फेरी मारते. बरोबर एक तमिळ आजी, एक निवृत्त बंगाली शिक्षिका आणि धारवाडकडचे एक गृहस्थ असतात. गेल्या मार्चमध्ये या फेरीवरून ती परतली ती हातात एक माहितीपत्रक घेऊनच. सात रात्री अलास्काच्या किनाऱ्याने जहाजावर, मग चार रात्री जमिनीवर, आगगाडीने आणि बसने. बरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर. आई 74 वर्षांची आहे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. "त्या बंगालीबाई जाऊन आल्या," ती म्हणाली, "मीही जाणार."

दादाने पुण्याहून फोनवर दोनच शब्द विचारले: "या वयात?"

मी भाषांतर करते. वाद सुरू झाला की मी शब्दांमागे लपते. 'क्रूझ'ला मराठीत काय म्हणावं? सहल फारच छोटी, सफर अरबी गोष्टींतली, पर्यटन सरकारी. प्रवास? संस्कृतात प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. बंगाली आणि मल्याळममध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. तिथला प्रवासी म्हणजे पोटासाठी परमुलखात राहणारा माणूस. मराठीत मात्र एसटीत बसलेला कुणीही प्रवासी. म्हाताऱ्या माणसासाठी आपल्या भाषेने खरं तर एकच शब्द राखून ठेवला होता, तो म्हणजे यात्रा. या शब्दाच्या आडोशाने, एरवी अंगणही न ओलांडणाऱ्या बायका हजार कोस जाऊन येत. तेव्हा दादाच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधायचं मी ठरवलं: उतारवयात, वाटाड्या बरोबर घेऊन, पाणी आणि जमीन दोन्ही ओलांडणं आपल्याकडे नवं आहे का?

जमिनीपासून सुरुवात करते, कारण तिथली एक बाई मला फार आवडते. राधाबाई, बाळाजी विश्वनाथांची पत्नी, बाजीराव आणि चिमाजीअप्पांची आई. माहेरची दुबेऱ्याची बर्वे. 1720 साली वैधव्य आलं. 1735 च्या फेब्रुवारीत ती पुण्याहून काशीयात्रेला निघाली आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात परतली. थोरला मुलगा तेव्हा पस्तिशीचा. म्हणजे आई निदान पन्नाशीची, त्या काळच्या हिशोबाने म्हातारीच. वाट सरळ उत्तरेची नव्हती. ती उदयपूरला गेली, नाथद्वाऱ्याला गेली, जयपूरला सवाई जयसिंगाची पाहुणी म्हणून राहिली. मग मथुरा, प्रयाग, काशी, गया. ज्यांच्या मुलखातून मराठी फौजा चौथाई मागत फिरत होत्या, ते संस्थानिक फौजेच्या सरदाराच्या आईला मुक्कामाला ठेवून घेत होते, पुढच्या हद्दीपर्यंत माणसं सोबत देत होते. माळव्यात मराठ्यांशी झुंजलेल्या महंमदखान बंगशानेही तिच्या वाटेत अडथळा आणला नाही. हे सगळं निव्वळ भक्तीपोटी झालं असं मी म्हणणार नाही. म्हातारीला सुखरूप पोचवणं हा मुलाला पाठवलेला निरोप होता, आणि 1736 मध्ये बाजीराव आणि जयसिंग राजस्थानात प्रत्यक्ष भेटले. पण राधाबाईने मात्र गंगेत स्नान केलं आणि गयेला पिंडदानाचं काम उरकलं. दोन्ही गोष्टी एकाच पालखीतून गेल्या.

एवढा लवाजमा सगळ्यांना कुठला? साध्या माणसांच्या यात्रेचा कणा होता तो क्षेत्रोपाध्याय. नाशिक, त्र्यंबक, काशी, गया, कुठेही उतरा. गाव आणि आडनाव विचारून तुमचा ठरलेला भटजी तुम्हाला शोधून काढणार. राहायची जागा, स्वयंपाकाची भांडी, कुठे कधी स्नान, कुणाला किती दक्षिणा, सगळं त्याच्याकडे. वर वहीत तुमच्या आज्याची सही. माहितीपत्रकात टूर मॅनेजरची जी कामं छापली आहेत त्यांतलं वही सोडून एकही नवं नाही. पैशांवरून होणाऱ्या कुरबुरीही बहुधा जुन्याच.

आणि जे जाऊ शकत नसत त्यांचं काय? याचं उत्तर वरसईच्या विष्णुभट गोडशांनी दिलं. 1857 साली ते काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या ऐन वावटळीत सापडले. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक आपण झाशीच्या वेढ्यासाठी वाचतो. मला मात्र त्याचा शेवट जास्त आठवतो: पैसा लुटला गेलेला हा माणूस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन कोकणात परत येतो आणि घरी म्हाताऱ्या आईवडिलांना गंगास्नान घालतो. यात्रा इथे उंबरठ्याशी आली. पण यात म्हाताऱ्यांनी घरीच थांबायचं, हेही ठरून गेलेलं आहे. दादाला हा प्रसंग सांगायची चूक मी केली. "बघ, असंही करता येतं," तो म्हणाला. हिमनदी कावडीतून कशी आणायची ते त्याने सांगितलं नाही.

राहिला समुद्र. धर्मशास्त्राने समुद्रगमन कलियुगात वर्ज्य ठरवलं होतं. 1781 साली राघोबादादांनी हनुमंतराव नावाच्या ब्राह्मण वकिलाला लंडनला पाठवलं, तर परतल्यावर त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. म्हणून आपल्या प्रवासलेखनाच्या इतिहासात समुद्र उशिरा येतो, आणि येतो तो शिकायला निघालेल्या तरुणांबरोबर. पण हा इतिहास सगळ्या मराठी बोलणाऱ्यांचा नाही. चूक माझ्या लक्षात आणून दिली ती आईने.

आईचं माहेर दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराजवळचं. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. बोट बंदराला लागत नसे, ती लांब खोल पाण्यात उभी राहायची. पडावात बसून तिथवर जायचं आणि खलाशी हात धरून वर खेचून घ्यायचे. तिची आई दर खेपेला 'रामदास' बोटीचं नाव काढायची. जुलै 1947 मध्ये रेवसला जाताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. "आणि बोट लागायची," आई म्हणाली. बोट लागणे, गाडी लागणे: मळमळीला इतका साधा शब्द माझ्या माहितीच्या दुसऱ्या भाषेत मला सापडलेला नाही. इथे बोट येऊन माणसाला लागते. इंग्रजीत मात्र माणूसच समुद्राने आजारी होतो.

याच आठवणीत तिने मोहल्ल्यातली एक आजी सांगितली. 1960 च्या आसपासची गोष्ट. ती आजी हजला निघाली होती. निघण्याआधी आठवडाभर ती घरोघर हिंडली, हिंदूंच्या घरीसुद्धा, आणि प्रत्येक ओटीवर बसून म्हणाली, चुकलंमाकलं माफ करा. आईच्या आजीने तिला नारळ दिला. हर्णैहून बोटीने मुंबई, मुंबईहून जहाजाने जेद्दा, तिथून पुढे जमिनीने मक्का, अराफात, मदिना, आणि वाटाड्या म्हणून मुअल्लिम. गाव, मुलूख विचारून आपली माणसं ओळखणारा तोही क्षेत्रोपाध्यायच. आधी जहाज, मग वाटाड्यासह जमीन, आणि जाणारी माणसं बरीचशी उतारवयातली, आयुष्यभर पै-पै साठवून, मुलींची लग्नं उरकून निघालेली. दादाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. माहितीपत्रकातली सहल मुंबईच्या धक्क्यावरून कित्येक पिढ्या चालू होती. आम्ही तिला त्या नावाने ओळखत नव्हतो, एवढंच.

सोपी ती कधीच नव्हती. 1869 साली सुएझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या, भाडी उतरली आणि गर्दी झाली. 1882 पासून हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनमध्ये थांबावं लागे. 1880 मध्ये 'जेद्दा' नावाची आगबोट नऊशेहून अधिक यात्रेकरूंना घेऊन पेनांगहून निघाली; वादळात जहाज बुडणार म्हणून कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून पळाले. जहाज बुडालं नाही. दुसऱ्या बोटीने ते ओढत एडनला आणलं, तेव्हा यात्रेकरू जिवंत होते. कॉनरॅडने 'लॉर्ड जिम'मध्ये हीच घटना घेतली. एम.ए.ला आम्ही ती कादंबरी जिमच्या अपराधगंडासाठी वाचली. डेकवरच्या नऊशे जणांत किती म्हाताऱ्या होत्या, असा प्रश्न वर्गात कुणालाच पडला नाही, मलाही नाही.

शिवाय परतीचा पैसा नसलेली माणसं जेद्दात अडकून पडत. त्यांचं काय करायचं या विवंचनेतून इंग्रज सरकारने 1886 साली हजच्या वाहतुकीचं काम चक्क टॉमस कुकच्या कंपनीला दिलं. हा कुक स्वतः 63 व्या वर्षी, सप्टेंबर 1872 मध्ये, लिव्हरपूलहून जगप्रदक्षिणेला निघाला होता: बोटीने अमेरिका, आगगाडीने ती ओलांडून पुन्हा बोट, जपान, चीन, सिंहल, मग आगगाडीने हिंदुस्थान, आणि परत सुएझच्या वाटेने. एकूण 222 दिवस. तो वाटेत असतानाच पॅरिसच्या वर्तमानपत्रात व्हर्नची ऐंशी दिवसांची कादंबरी क्रमशः येत होती. दोघांनाही शक्य झालं ते एकाच कारणाने: सुएझ कालवा आणि अमेरिकेची आडवी रेल्वे 1869 ची, आणि मुंबई-कलकत्ता रुळांनी जोडले गेले ते 1870 मध्ये जबलपूरला. 1881 मध्ये कंपनीची कचेरी मुंबईत आली. पण हजच्या कामात तिला नफा दिसला नाही आणि 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला तिने ते सोडलं. मला महत्त्वाचं वाटतं ते तिने विकायला आणलेलं तिकीट: घरापासून बंदर, बंदरापासून जेद्दा, आणि परत.

परतीचं तिकीट ही नवी गोष्ट होती. काशीला जाणारा म्हातारा सगळ्यांच्या पाया पडून, देणंघेणं मिटवून निघायचा. तिथे मरण आलं तर ते भाग्यच. हाजी आपलं कफन झमझमच्या पाण्यात भिजवून आणत, आणि जे परतत नसत त्यांच्यासाठी घरचे रडत, पण दैव वाईट म्हणत नसत. मुंबईहून जहाजाने हजला जाणं 1995 साली बंद झालं.

धर्माचं कारण नसताना म्हातारपणी दर्या ओलांडणारेही झाले. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला भर पावसाळ्यात चालत गेले होते. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं. 70 व्या वर्षी, मार्च 1929 मध्ये, ते विलायतेला निघाले. युरोप, अमेरिका, जपान करून तेरा महिन्यांनी आले आणि डिसेंबरमध्ये आफ्रिकेला गेले ते 1932 च्या मार्चमध्ये परतले. महिला विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करत होते. "आमच्या मुरुडचे अण्णा," आई दादाला म्हणाली. दादा म्हणाला, ते कामाला गेले होते. बायकांच्या प्रवासाला काम किंवा देव, दोन्हींपैकी एक तरी लागतोच, हे त्याने इतक्या सहज उच्चारलं की मला राधाबाईची पालखी आठवली.

अलास्काचं एक मी दादाला सांगितलेलं नाही. तिथली रेल्वे 1923 च्या जुलैत पुरी झाली. शेवटचा खिळा ठोकायला अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग गेले, अगदी माहितीपत्रकातल्यासारखे: जहाजाने केचिकन, जुनो, स्कॅग्वे, सुअर्ड, मग आगगाडीने आत. 2 ऑगस्टला परतीच्या वाटेवर सॅन फ्रान्सिस्कोत वारले. वय 57.

फॉर्म भरायला आम्ही रविवारी बसलो. डॉक्टरांचा दाखला, गुडघ्याचा तपशील, रक्तदाबाच्या गोळ्या. विम्याच्या कागदांत एका ओळीवर आईने बोट ठेवलं: रिपॅट्रिएशन ऑफ मॉर्टल रिमेन्स. "याचं मराठी सांग." मी वीस वर्षं भाषांतर करते. पार्थिव, मायदेशी, असे शब्द तोंडाशी आले आणि नको वाटले. "तिकडे काही झालंच," मी म्हणाले, "तर परत आणतात."

"मला?"

"हो."

तिने चष्मा वर केला, ओळ पुन्हा वाचली. "मोहल्ल्यातली ती आजी नाही आली परत," ती म्हणाली. हे तिने आधी सांगितलं नव्हतं. "तिचा मुलगा आला. सगळं गाव भेटायला गेलं होतं."

मग म्हणाली, "कर खूण तिथे. दादाला बरं वाटेल." आणि पान उलटून, "अगं, बोट लागली तर त्याचं यात काही आहे का?" नव्हतं. पुण्याहून येताना आवळासुपारी आण, असं तिने दादाला त्याच संध्याकाळी कळवलं. तो आणणार आहे.